सहापैकी पाच पुष्टी

परवाना खात्याचं म्हणणं असं होतं की कागदावर विश्वास ठेवता येत नाही, कागद सांभाळणाऱ्या माणसावर तर त्याहून नाही, आणि म्हणून यापुढे कुणी कुणावर विश्वास ठेवायची गरजच पडणार नाही अशी व्यवस्था खात्याने केली आहे. या व्यवस्थेचं नाव ब्लॉकचेन. तिच्या उद्घाटनाला चार अधिकारी आले. फीत कुणी कापायची याबाबत त्यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून चौघांनी मिळून एकच कात्री धरली. रस्त्याकडेच्या दुकानांचे सगळे परवाने कपाटातून निघून साखळीत गेले. कपाट रिकामं झालं. त्यात आता अधिकाऱ्यांच्या छत्र्या असतात.

त्या परवान्यांत एक किल्लीवाल्या आईंचा होता. जागा म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा तिकोना. पुढच्या बाजूला माणूस उभा राहतो, मागच्या बाजूला मांजरसुद्धा वाकून जातं. चाळीस वर्षं आईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने तिथे बसून गल्लीच्या किल्ल्या कापल्या. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा घरोघरची कामं करायचा, दुकान आईंचं. शाळा त्यांची चौथीत सुटली होती, पण एकाही कुलपाने त्यांच्यापुढे कधी शहाणपणा केला नव्हता. माणसांनी केला होता, आणि त्यांना आईंनी जिथल्या तिथे जागा दाखवली होती.

साखळी प्रत्येक गल्लीची वेगळी होती. या गल्लीत परवाने सात, म्हणून खात्याने सात डबे वाटले. खात्याच्या भाषेत त्याला नोड म्हणतात. डब्याला एक दिवा, एक इवलासा पडदा आणि भिंतीत खुपसायची वायर. सातही डब्यांत सगळ्यांच्या परवान्यांची सारखीच नक्कल. एकाने लबाडी केली तर बाकीचे सहा त्याला खोटं पाडतील, अशी त्यातली हुशारी होती. पहिली दोन वर्षं खात्याचा एक माणूस दारोदार फिरून दिवे लागलेत का बघायचा. तिसऱ्या वर्षी खात्याने साखळी स्वावलंबी झाल्याचं जाहीर केलं आणि त्या माणसाची जागा रद्द केली.

परवाना दर वर्षी जिवंत ठेवावा लागतो. त्यासाठी फार काही करायचं नसतं. फोनवर आपलं वॉलेट, म्हणजे परवान्याचं डिजिटल पाकीट, उघडायचं आणि ‘मी आहे’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. ठरलेल्या दिवशी पाचच्या आत हे झालं नाही, तर खात्याच्या लेखी माणूस नाही, जागा अनाथ, आणि अनाथ जागा रांगेतल्या पुढच्या अर्जदाराला आपोआप. आईंची तारीख त्या आठवड्यातल्या शुक्रवारची होती. रांगेतला पुढचा अर्जदार समोरच बसायचा.

तो मोबाइलची कव्हरं विकायचा. त्याच्या दुकानावर दिवसभर ऊन, आणि जिन्याखाली सावली. पोरगा अदबशीर. आईंना काकू म्हणायचा. सोमवारी सकाळी तो फीत घेऊन आला, ‘काकू, उठू नका, तुमचं चालू द्या’ म्हणाला, आणि आईंच्या पायांमधून फीत सरकवून जागा मोजून गेला.

“माझं मापही घे,” आई म्हणाल्या. “तिरडीला उपयोगी पडेल.”

त्याने हसून मान डोलावली आणि आकडे लिहून घेतले.

त्याच दुपारी आईंनी वॉलेट उघडायला घेतलं आणि पहिली त्रुटी उगवली. पडद्यावर आलं, ‘नोड मागे आहे.’ सून एका दवाखान्यात नोंदी ठेवायची. घरात छापील मजकूर शेवटपर्यंत वाचण्याचा धीर फक्त तिच्यापाशी होता, म्हणून तिने आठवडाभराची रजा टाकली आणि खात्याची ‘सर्वसाधारण त्रुटी व त्यांचे निवारण’ ही चौऱ्याऐंशी पानी पुस्तिका उघडली. पुस्तिकेत एकशे बारा त्रुटी होत्या. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं आणि उपाय एकच: डबा बंद करून पुन्हा चालू करा. तिने तसं केलं. डबा चालू झाला आणि त्याने सगळी साखळी पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला घेतली. पडद्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख दिसायला लागली.

आईंनी विचारलं, आता हा आजपर्यंत कधी येणार?

सुनेने पुस्तिकेत बघून सांगितलं, “‘नोड आपल्या गतीने पुढे येईल. नोडला घाई करू नये.’”

“जावयाचे लाड ऐकले होते,” आई म्हणाल्या. “हे नवीनच.”

मंगळवारी डबा चालेनासा झाला. दुसरी त्रुटी होती, ‘भविष्यातून आलेली नोंद स्वीकारली जात नाही.’ या वाक्यावर मुलगा बराच वेळ डोकं धरून बसला. शेवटी सुनेला उलगडा झाला. डबा पुन्हा चालू करताना वेळ विचारत होता, आणि तिने दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ घातली होती. ते घड्याळ आईंनी दहा मिनिटं पुढे ठेवलेलं होतं, कारण मुलाला दहा मिनिटं उशिरा यायची सवय होती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचा. डब्याला वजाबाकी येत नव्हती. आईंनी स्टुलावर चढून घड्याळ खरं केलं. त्या दिवशी मुलगा जेवायला वीस मिनिटं उशिरा आला.

वेळ जुळली तसा डबा सरसर पुढे निघाला. एकेक दिवस, एकेक ओळ. दुपारी आई कानस चालवत होत्या, तेव्हा पडद्यावर दोन वर्षांपूर्वीची एक नोंद येऊन थांबली. जिन्याखालची जागा, परवानाधारकाचं नाव, आणि पुढे, ‘परवानाधारकाने मी आहे असे कळवले आहे.’ नाव नवऱ्याचं होतं. आईंनी कानस खाली ठेवली, चष्मा काढला आणि पदराने पुसला, काचेवर पितळेचा किस उडाला होता म्हणून. चष्मा परत लावेपर्यंत डबा पुढच्या आठवड्यात गेला होता.

“थांबवता येतो का हा?” त्यांनी विचारलं.

“आई, मागे पडेल मग.”

“बरं, जाऊ दे,” त्या म्हणाल्या आणि कानस उचलली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. ‘सोबती: १.’ म्हणजे गल्लीतल्या बाकीच्या सहा डब्यांपैकी एकाच डब्याशी आईंच्या डब्याचं बोलणं चालू होतं, आणि ही सगळी नक्कल तो एकटा पुरवत होता. तो कुणाचा, ते पडदा सांगत नव्हता. न्हाव्याचा असेल, आईंना वाटलं. न्हावी बोलका होता.

बुधवारी डबा आजच्या तारखेला पोचला, दिवा हिरवा झाला, आणि तिसऱ्या त्रुटीला मोकळं रान मिळालं. वॉलेटची नवी आवृत्ती आली होती. नव्या आवृत्तीला जुनी ओळख चालत नव्हती. ती म्हणत होती, ‘आपले बारा शब्द द्या.’

हे बारा शब्द म्हणजे वॉलेटची किल्ली. खात्याने दोन हजारांवर साधे शब्द निवडून त्यांची यादी छापली होती आणि प्रत्येकाला त्यातले बारा, ठरलेल्या क्रमाने, दिले होते. ते कुणाला सांगायचे नाहीत, हरवले तर पुन्हा मिळत नाहीत. चाळीस वर्षं हरवलेल्या किल्ल्या करून पोट भरलेल्या बाईला खात्याने अशी किल्ली दिली होती, जिची दुसरी करताच येत नाही. आईंनी त्या दिवशीही खात्याची कीव केली होती.

शब्द मात्र घरात अगदी नीट सांभाळलेले होते. पहिल्या वर्षी नवऱ्याने ते कागदावर लिहिले. तो गेल्यावर मुलाने तेलकट झालेल्या कागदावरून वहीत उतरवले आणि खात्याच्या नियमाप्रमाणे कागद जाळला. मग परिपत्रक आलं की वही जळू शकते, शब्द धातूवर कोरा. म्हणून आईंनी वहीवरून एकेक अक्षराचा ठसा हातोडीने ठोकून पितळी पत्रा केला आणि वहीचं पान जाळलं. असा पत्रा गल्लीत कुणाकडे नव्हता. आईंनी तो कुणाला दाखवला नव्हता, आपल्याकडे आहे एवढं मात्र सगळ्यांना सांगितलं होतं.

सुनेने पत्र्यावरून बारा शब्द घातले. ‘शब्द जुळत नाहीत. उरलेले प्रयत्न: ४.’ तिने काना-मात्रा तपासून पुन्हा घातले. ‘शब्द जुळत नाहीत. उरलेले प्रयत्न: ३.’ पुस्तिकेत लिहिलं होतं की पाचही प्रयत्न चुकल्यास परवानाधारकाच्याच सुरक्षिततेसाठी वॉलेट तीन दिवस बंद राहील. बुधवारचे तीन दिवस म्हणजे शनिवार.

गुरुवारी सकाळी आई त्रुटी निवारण कक्षात गेल्या. खिडकी क्रमांक सात. खिडकीमागे निवारक नावाच्या हुद्द्याचा माणूस होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग तक्रार क्रमांक विचारला. तो नाही म्हटल्यावर त्याने समजावून सांगितलं की तक्रार वॉलेटमधूनच नोंदवायची असते.

“वॉलेट उघडत नाही, हीच तक्रार आहे,” आई म्हणाल्या.

“बरोबर. तर ती वॉलेट उघडून, ‘वॉलेट उघडत नाही’ या सदराखाली नोंदवायची, आजी.”

“आजी म्हणू नकोस. तुझ्या आजीला असं उत्तर दिलं असतंस, तर तिने कान उपटला असता.”

निवारक दुखावला नाही. दुखावण्याचं सदर त्याच्याकडे नव्हतं. उलट त्याने आपुलकीने सांगितलं की तीन वर्षांत त्यांच्या कक्षाकडे एकही तक्रार नोंदली गेलेली नाही, तेव्हा चूक शोधायचीच तर घरी शोधा. भिंतीवर तसं प्रशस्तिपत्रही होतं. त्याच्याखाली कक्षाचा स्वतःचा डबा होता, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, उद्घाटनाच्या फितीसकट. आईंनी त्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तो म्हणाला की तो नमुना आहे.

आई घरी आल्या, पत्रा जेवणाच्या मेजावर ठेवला आणि मुलाला समोर बसवलं. त्याच्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं. लहानपणी कुणाची तरी काच फोडून आला की असाच दिसायचा.

“बोल.”

“मी नववा बदललाय,” मुलगा म्हणाला.

सुनेने पुस्तिका मिटली. “बदललाय म्हणजे?”

म्हणजे असं की या घराची एक रीत होती. गिऱ्हाईकाच्या किल्लीची मापं वहीत लिहिताना एक दाता मुद्दाम चुकीचा लिहायचा. वही चोराच्या हाती लागली तरी त्यावरून केलेली किल्ली कुलपात अडकून बसते. कुठला दाता, ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत. नवऱ्याने बायकोला सांगायचं नाही, बापाने मुलाला सांगायचं नाही. मुलाने बारा शब्द वहीत उतरवले तेव्हा ते त्याला किल्लीच वाटले आणि त्याने घराण्याचं नाव राखलं. ‘पलंग’ होता, तिथे ‘पतंग’ लिहिला.

सून कपाळावर हात मारून घेणार, तोच आई म्हणाल्या, “सातवाही बदललाय.”

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“काय बघता? पत्रा मी केला. उघड्यावर ठेवू? सातवा ‘सून’ होता. मी ‘सुई’ ठोकला.”

“अख्ख्या बारांत तुम्हाला तोच सापडला बदलायला?” सुनेने विचारलं. तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि ही रीत आजवर तिला कुणी सांगितली नव्हती.

“तोच चोराच्या हाती लागायला नको होता,” आई म्हणाल्या आणि पाणी प्यायला उठल्या. सुनेने ‘सून’ घातला, ‘पलंग’ घातला आणि बटण दाबलं.

‘शब्द जुळत नाहीत. उरलेले प्रयत्न: २.’

आता मेजाभोवती कुणी कुणाकडे बघेना. मुलगा म्हणाला, बाबांनीपण बदलला असणार. त्यांनी कुठला बदलला, हे विचारायला कुणाकडे जायचं, हे मात्र त्याने म्हटलं नाही. सुनेने यादी मोजली. दहा जागा, आणि प्रत्येक जागी दोन हजार शब्द. प्रयत्न दोन.

आईंनी तिच्या हातून यादी घेतली. त्यांनी नवऱ्याच्या वहीवरून चाळीस वर्षं किल्ल्या कापल्या होत्या. त्याने सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. पण त्याच्या मापाची किल्ली कुलपात घातली की चौथ्या दात्याला अडायची. दर वेळी चौथा दाता, दर वेळी एक पायरी खाली. पहिल्याच वर्षी आईंच्या हाताला ते कळलं होतं. तेव्हापासून त्या गुपचूप एक पायरी वर धरून कापायच्या, किल्ली लागायची, आणि नवरा मिशीत हसून गिऱ्हाइकाला म्हणायचा की आमचं गुपित आमच्यापाशी. एवढं एक सुख त्याच्याकडून काढून घ्यायचं आईंच्या जिवावर आलं होतं.

पत्र्यावर चौथा शब्द होता ‘शिडी’. आईंचं बोट यादीवरून फिरत ‘शिडी’वर आलं आणि एक ओळ वर सरकलं.

“‘शिट्टी’ घाल,” त्या म्हणाल्या.

वॉलेट उघडलं. त्या संध्याकाळी मुलाने तीनदा विचारलं की तुला कसं कळलं, आणि तिन्ही वेळा आईंनी सांगितलं की देवाने सांगितलं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता स्वच्छ साडी नेसून, जिन्याखाली बसून, सगळ्या गल्लीला दिसेल अशा बेताने आईंनी ‘मी आहे’ दाबलं. समोर कव्हरवाला ऊन चुकवत उभा होता. त्याला दिसेल असा त्यांनी फोन जरा तिरकाही धरला.

पडद्यावर आलं, ‘आपले असणे प्रलंबित आहे. पुष्टी: ०/६.’

पान एकसष्ट. सुनेने वाचून दाखवलं. परवानाधारक आहे, असं त्याने नुसतं म्हणून चालत नाही. गल्लीतल्या बाकीच्या सहाही नोडांनी तो असल्याची पुष्टी करावी लागते. पुष्टी आपोआप होते, फक्त नोड चालू असावा. मागच्या वर्षापर्यंत चालूच होते, खात्याचा माणूस फिरायचा तेव्हा. सोबती एक होता, त्यानेही अजून पुष्टी दिली नव्हती. बघता बघता तो आकडा शून्य झाला.

आईंनी चपला घातल्या.

न्हाव्याच्या डब्यावर वस्तऱ्यांचं भांडं होतं. वायर कातरायच्या यंत्राला दिली होती. “आई, खरं सांगतो,” तो म्हणाला, “माझ्या एकट्याचा बंद असल्याने काय बिघडतंय? बाकीच्यांचे चालू आहेतच की.”

घड्याळवाल्याने डबा बंद ठेवला होता, कारण डब्याची वेळ त्याच्या घड्याळांशी जुळत नव्हती आणि गिऱ्हाइकं डब्यावर विश्वास ठेवायची. पण तो म्हणाला, एकाने काय होतं, बाकीचे आहेत ना. चपला शिवणाऱ्याने दाराला अडसर म्हणून लावला होता. चष्मेवाल्याने त्यावर चष्मे टांगायची चौकट उभी केली होती. झेरॉक्सवाली म्हणाली की तिचा पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, आणि तिला तर वाटलं होतं की गल्लीतली एकटी आळशी तीच, मनातून लाजही वाटायची. पाचही जणांना आईंबद्दल जिव्हाळा होता. पाचही जणांनी तेच एक वाक्य सांगितलं, आणि सांगताना प्रत्येकाला ते स्वतःला सुचल्यासारखं वाटलं.

आईंनी वाद घातला नाही. मुलाकडून वायरी मागवल्या. त्यांचा स्वतःचा डबा आजच्या तारखेपर्यंत भरलेला होता. त्यावरून एकेकाला नक्कल काढून द्यायची, एवढंच काम होतं, आणि नकला काढण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. दुपारभर मुलगा दारोदार डबा घेऊन फिरला. सून हातात फोन धरून आकडा सांगत राहिली. दोन वाजता एक. अडीचला दोन. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं आणि तिसरी पुष्टी आल्यावर त्याने टाळी वाजवली. पावणेपाचला पाच.

सहावा डबा कव्हरवाल्याचा. आणि तेव्हा कुठे आईंच्या ध्यानात आलं की आठवडाभर कोपऱ्यात दिसणारा तो एक सोबती कोण होता. गल्लीत डबा नेमाने चालू ठेवणारा, रोज दिवा पुसणारा, नियम पाळणारा तेवढा एकटाच होता. आईंची जागा अनाथ झाल्याची बातमी त्याला वेळेवर हवी होती. आईंचा डबा तीन वर्षं मागून आजपर्यंत आला, तो त्याच्याच खांद्यावर बसून.

त्याच्या दुकानाचं शटर खाली होतं. कुलूप लावलेलं. शेजारी म्हणाले, अकरा वाजताच वायर काढून गेला, जाताना नमस्कार करून गेला.

गल्ली शटरसमोर जमली. ते कुलूप आईंनीच विकलेलं, त्याची किल्ली आईंनीच कापलेली, मापं आईंच्याच वहीत होती, आणि त्यातला खोटा दाता कुठला ते जगात एकट्या आईंना ठाऊक होतं. डोळे मिटून उघडायलाही दीड मिनिट लागलं नसतं. न्हावी म्हणाला, उघडा आई, नुसती वायर खुपसायची आहे, चोरी थोडीच आहे. घड्याळवाल्याने वेळ सांगितली. चार एकावन्न. मुलाने पिशवीतून कोरी किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

आईंनी ती हातात खेळवली. कुलपाकडे पाहिलं.

“मालक समोर नाही,” त्या म्हणाल्या.

“आई, जागा जाईल,” सून म्हणाली.

“जाईल. मालक समोर नसताना मी कुलपाला हात लावत नाही. लावला असता तर चाळीस वर्षं या गल्लीत कुणी मला किल्ली दाखवली नसती.” मग त्यांनी जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. “तुम्ही सगळे घरी कुलूप लावून निघालात ना?”

यावर सगळ्यांनाच आपापली कामं आठवली.

पाच वाजले. पडद्यावर आलं, ‘पुष्टी ५/६. परवानाधारक आढळून आला नाही. जागा: अनाथ.’ आई जिन्याखाली जाऊन बसल्या, आणि एक बाई दाराची किल्ली करायला आली होती, तिची किल्ली त्यांनी करून दिली. नसलेल्या परवानाधारकाने केलेली ती किल्ली पहिल्या फटक्यात लागली.

शनिवारी सकाळी कव्हरवाला फीत, खिळे आणि हातोडी घेऊन आला. जिन्याखालची जागा त्याला आपोआप मिळाली होती. आपोआप मिळालेल्या जागेची पुष्टी होणं तेवढं बाकी होतं. त्याने फोन बघितला. ‘आपली जागा प्रलंबित आहे. पुष्टी: १/६.’

तो न्हाव्याकडे गेला. वस्तऱ्यांचं भांडं डब्यावर परत आलं होतं. घड्याळवाल्याने कालच रात्री वायर काढली होती. चपला शिवणाऱ्याचं दार वाऱ्याने आपटत होतं म्हणून त्याचा नाइलाज झाला होता. चष्मेवाल्याच्या चौकटीला टेकू हवा होता, झेरॉक्सवालीचे कागद उडत होते. कुणाच्या मनात त्याच्याविषयी काही नव्हतं. प्रत्येकाने त्याला मनापासून सांगितलं की माझ्या एकट्याचा बंद असल्याने काय बिघडतंय, बाकीच्यांचे चालू असतील की.

उन्हातून गल्लीचा फेरा मारून तो जिन्याखाली आला. आईंच्या मागे फळीवर त्यांचा डबा होता. दिवा हिरवा, नुकताच पुसलेला. ती एक पुष्टी कुणाची, ते त्याला तेव्हा कळलं.

“काकू,” तो म्हणाला, “तुम्ही का चालू ठेवलात?”

“चालू ठेवायचा असतो म्हणून,” आई म्हणाल्या. “मोजून झालं असेल तर बाजूला हो. उजेड अडतोय.”

तेव्हापासून खात्याच्या लेखी आई नाहीत आणि कव्हरवाल्याला जागा मिळालेली नाही, आणि दोन्ही गोष्टी पक्क्या होईपर्यंत जैसे थे ठेवावे असा नियम पान अठ्ठ्याहत्तरवर आहे. आई बसतात. तो उन्हात उभा राहतो. पुढच्या महिन्यात त्याची स्वतःची तारीख आहे. हल्ली तो आईंना रोज पाणी आणून देतो.

खात्याने गल्लीचा हा प्रयोग यशस्वी ठरवला आहे, तक्रार एकही नसल्यामुळे. आता तो घरोघर येणार आहे. काही घरांत आलाही आहे. तुमच्याकडचा कपाटावर असेल, किंवा दाराला अडसर म्हणून, किंवा त्याच्यावर काहीतरी ठेवलेलं असेल. हे वाचून झाल्यावर लगेच उठून दिवा बघायला जायची गरज नाही. तुमच्या एकट्याचा बंद असल्याने काय बिघडतंय?